धागा: बाबांच्या फियाटच्या स्टेअरिंगला तडे गेलेत. जुनं चाक वाचवायचं की बदलायचं?

फियाटवाली (पुणे) | १६ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आमच्याकडे १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे. बाबांनी नंबर लावून, कित्येक वर्षं वाट बघून घेतलेली. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधीची चार-पाच वर्षं गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. ते कव्हरही पुढे फाटलं आणि काचेतून ऊन थेट डॅशबोर्डवर येत राहिलं. यंदा दसऱ्यानंतर मनावर घेतलं. कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, नवी बॅटरी घातली आणि १०८९ सीसीचं ते इंजिन तिसऱ्या सेल्फला सुरू झालं. आई गॅलरीत उभी होती. आवाज ऐकून ती चपला न घालता खाली आली.

ब्रेकचं काम चालू आहे. घोडं अडलंय ते स्टेअरिंगच्या चाकापाशी. चाक हस्तिदंती रंगाचं आहे. दोन्ही दांडे कड्याला जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंना तडे आहेत आणि खालच्या बाजूला एक मोठा तडा आहे. त्या खालच्या तड्यातून आतली सळई दिसते, तांबूस गंजलेली. चाक वळवताना तळहाताची कातडी तड्यात सापडून चिमटा बसतो.

दोन गॅरेजमध्ये दाखवलं. एक म्हणाले, "फेकून द्या, छोटं स्पोर्ट्सचं चाक बसवून देतो." दुसरे म्हणाले, "लांबी (पुट्टी) भरून रंग मारतो, संध्याकाळी घेऊन जा." चाक काढून आत काय आहे ते बघायची तयारी दोघांचीही नव्हती.

उजव्या बाजूला, घड्याळात दोन वाजतात त्या जागी, रंग झिजून गुळगुळीत खळगा झालाय. बाबांचा अंगठा तिथे असायचा. ते चाक मला जाऊ द्यायचं नाही. पण आईला शेजारी बसवून वाईला जायचं आहे, तेव्हा हातात तुटकं चाक घेऊन घाट उतरणार नाही हेही नक्की. काय करू?

---

नानापेठ | १६ नोव्हेंबर

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी तीस वर्षं सुटे भाग विकतोय. लांबी भरलेली चाकं मी परत आलेली बघितलीत. वर्षभरात त्याच जागी चीर पडते, नाहीतर शेजारी बोटभर अंतरावर नवी. माझं मत आहे की भंगारात गेलेल्या पद्मिनीचं, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या मॉडेलचं, चांगलं चाक शोधा. घेताना मधल्या भोकातले दाते मोजा, भोकाचा उतार तुमच्या स्टेअरिंगच्या दांड्याला बसतो का बघा, हॉर्नची बैठक जुळते का बघा. दाते जुळत नसतील तर कुणी कितीही सांगू दे, वेल्डिंग करून किंवा कानस मारून बसवू नका.

स्पोर्ट्सचं चाक मात्र मुळीच नको. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. समजा तुमचं चाक १६ इंची आहे आणि त्या जागी १३ इंची आलं, तर तेवढंच वळायला हाताला जवळपास सव्वापट जोर लागेल. चालत्या गाडीत एक वेळ जाणवणार नाही, पण पार्किंगमधून गाडी काढताना खांदे भरून येतील.

रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाका. मीही नजर ठेवतो.

---

पॉलिमर (डोंबिवली) | १७ नोव्हेंबर

नानापेठ यांचा अनुभव खरा आहे, पण त्यामागचं कारण समजलं तर उपायही सापडतो. माझं आयुष्य प्लॅस्टिकच्या कारखान्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाकाच्या आत पोलादी सळईचं कडं आहे आणि त्याच्यावर प्लॅस्टिक ओतून घट्ट बसवलेलं आहे. तापमान एका अंशाने वाढलं की पोलाद जेवढं वाढतं, त्याच्या आठ-दहापट हे प्लॅस्टिक वाढतं. आता हिशेब करा. १६ इंची चाकाचा परीघ साधारण १२७७ मिलिमीटर. पहाटेचे १५ अंश आणि बंद गाडीत दुपारचे ५५ अंश, म्हणजे ४० अंशांचा फरक. तेवढ्यात पोलाद वाढतं जेमतेम ०.६ मिलिमीटर आणि प्लॅस्टिक वाढू पाहतं ५ मिलिमीटर. रोज, वर्षानुवर्षं. एवढं पुरे नाही म्हणून आणखी एक गोष्ट घडते. प्लॅस्टिकला लवचीक ठेवायला जी द्रव्यं मिसळलेली असतात ती हळूहळू उडून जातात आणि प्लॅस्टिक कायमचं आकसतं. आतली सळई तर आकसत नाही. मग कड्यावर ताण येतो आणि ते सर्वांत अडकलेल्या जागी, म्हणजे दांड्यांपाशी, फाटतं. तुमचे तडे नेमके तिथेच आहेत.

म्हणून ताई, एक काम करा. सगळ्या तड्यांची रुंदी मोजून बेरीज करा. तुमचं चाक आजवर किती आकसलं, त्याचा साधारण अंदाज तेवढ्यावरून येईल.

दुसरी गोष्ट, वस्तू कोणती आहे ते ओळखा. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी पॉलिश पेपर घासून वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते कडक रबर आहे. कार्बोलिक साबणासारखा आला तर बेकेलाइट. आंबूस, सिरक्यासारखा वास आला तर सेल्युलोज ॲसिटेट. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, आणि ते पेट घेतं, त्याच्याजवळ ठिणगी किंवा गरम सुई नेऊ नका. नंतर कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोनचा एकच थेंब घेऊन तिथेच टेकवा. रबर आणि बेकेलाइटला काही होत नाही. ॲसिटेट किंवा सेल्युलॉइड असेल तर चिकट होतं. ही परीक्षा न करता कुणी थिनरच्या फडक्याने चाक पुसलं तर पृष्ठभाग विरघळतो. मी तसं झालेलं बघितलं आहे, फार वाईट वाटलं होतं.

---

टर्नर (कोल्हापूर) | १७ नोव्हेंबर

भरायचं का बदलायचं हे आता ठरवूच नका. आधी लोखंड बघा. वरचा तडा दिसतो म्हणून आपण त्याच्याकडे बघत बसतो, पण माणसाचा जीव आतल्या सळईवर आणि दांड्याच्या जोडावर असतो. प्लॅस्टिक तर निव्वळ हाताला धरायला.

चाक काढायची रीत सांगतो.

बॅटरीची वायर आधी सोडा, नाहीतर हॉर्न वाजत राहील. पुढची चाकं सरळ रेषेत ठेवा. मधलं हॉर्नचं बटण काढताना खाली स्प्रिंग असते, ती उडते, हात वर धरून ठेवा आणि कोणता तुकडा कशावर होता त्याचे फोटो काढा. मोठा नट पूर्ण काढू नका, चार-पाच पेरे (आटे) राहू द्या. मग पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावा. चाक सैल झालं की एकदम हातात येतं आणि तोंडावर आपटतं. नट असला तर तो अडवतो. काढायच्या आधी स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकावर आणि चाकाच्या मधल्या भागावर, दोन्हीकडे मिळून एक पंचाची खूण करा, म्हणजे परत त्याच दात्यात बसेल.

हातोडा लावायचा नाही. चाकाला मागून ठोकलं किंवा दांड्याच्या डोक्यावर ठोकलं तर धक्का खाली स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगपर्यंत जातो, आणि वरचे पेरे चेपतात ते वेगळंच.

चाक हातात आलं की तडा थोडा उघडून सळई घासा. वरवरचा तांबूस गंज असेल तर काही नाही. पापुद्रे निघत असतील, सळई बारीक झाली असेल किंवा दांड्याचा जोड हलत असेल तर विषय संपला, ते चाक भिंतीवर. दोन्ही हातांनी धरून दांड्यापाशी पिळून बघा. कट्कट् असा आवाज आला तर मला फोटो टाका.

---

म्हापशेकर | १८ नोव्हेंबर

उत्तम धागा. आमच्याकडे अँबॅसिडर आहे, मोठे तडे नाहीत पण समुद्राची हवा. एका केसाएवढ्या चिरेतून गंजाचं पाणी बाहेर ओघळलं होतं, म्हणजे आत केव्हापासून शिरत असेल. टर्नरकाकांचं म्हणणं पटलं.

एक वेगळा मुद्दा. गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, म्हणून २०२१ च्या नियमाने व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल तर आधी नीट वाचा. त्यात इंजिन, चासी आणि बॉडी मूळची हवी, चाकाच्या दुरुस्तीने काही बिघडत नाही. पण तशी नोंदणी केलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आईंना घेऊन वाईला जायचं असेल तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या.

---

फियाटवाली | २५ नोव्हेंबर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. म्हापशेकर, व्हीए नंबरचा अर्ज भरून ठेवला होता, बाजूला केला.

चाक निघालं. नट सुटेना, कारण टर्नरकाका म्हणतात तेच पूर्वी कुणीतरी केलेलं होतं. दांड्याचं डोकं हातोड्याने चेपून मश्रूमसारखं झालेलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी हॉर्न बिघडला म्हणून गाडी एका गॅरेजमध्ये दिली होती, तिथे झालं असावं. पेरे बारीक कानशीने सरळ करायला दोन संध्याकाळी गेल्या. पुलर भाड्याने आणला. खूण करायला विसरले नाही.

तड्यांची बेरीज: २ + १.५ + २ + १ + ३. साडेनऊ मिलिमीटर! कागदावर लिहिलं तेव्हा विश्वास बसेना.

वास. मला नक्की कळेना, म्हणून आईला बोलावलं. तिने नाक लावलं आणि लगेच म्हणाली, "सिरका." कापूस टेकवला तर पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याचे धागे त्यावर राहिले.

सळई खालच्या मोठ्या तड्यात सर्वांत जास्त गंजलेली आहे, पण ब्रशने घासल्यावर चकचकीत लोखंड लागलं. व्हर्निअरने मोजलं. बाकी ठिकाणी ८ मिलिमीटर, तिथे ७.८. पिळून बघितलं, आवाज नाही.

---

टर्नर (कोल्हापूर) | २५ नोव्हेंबर

७.८ म्हणजे लोखंड शाबूत आहे. तुमचं चाक वाचलं. दांड्यांच्या जोडाजवळचे तडे पण लोखंड दिसेपर्यंत उघडा, फक्त खालचा बघून थांबू नका.

---

पॉलिमर (डोंबिवली) | २६ नोव्हेंबर

आईंचं नाक प्रयोगशाळेच्या तोडीचं आहे. ते सेल्युलोज ॲसिटेट आहे. ते जुनं झालं की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, तोच सिरक्याचा वास. तेच आम्ल आतल्या पोलादाला गंजवतं. म्हणजे पावसाचं पाणी एकटंच दोषी नाही.

त्यामुळे थिनर आणि ॲसिटोन बंद. साबणाचं कोमट पाणी, मग वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही फडकं पिळून आणि आधी मागच्या बाजूला तपासून.

आता सर्वांत महत्त्वाचं सांगतो, आणि नानापेठ यांच्या परत आलेल्या चाकांचं एक उत्तर मला वाटतं इथे आहे. तडा थंडीत सर्वांत रुंद असतो, कारण प्लॅस्टिक आकसलेलं असतं. उन्हाळ्यात तो अरुंद होतो. तुम्ही मे महिन्यात भरलंत तर अरुंद फट भरली जाते, आणि डिसेंबर आला की प्लॅस्टिक दोन्हीकडून ओढतं. भराव ओढला गेला की कडेने सुटतो. उलट डिसेंबर-जानेवारीत, फट पूर्ण उघडी असताना भरलंत, तर पुढे वर्षभर प्लॅस्टिक त्या भरावाला दाबतच राहील. इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून घट्ट होणारा) भराव दाबाला खंबीर असतो, ओढीला तेवढा नसतो. पावसाळ्यात तर भरूच नये, घासलेल्या लोखंडावर तासाभरात ओल आणि गंज येतो.

थोडं थांबा. चाक महिनाभर घरात सावलीत, कोरड्या जागी ठेवा. पुण्यातली थंडी पडू द्या.

---

नानापेठ | २६ नोव्हेंबर

हे कुणी मला आधी का सांगितलं नाही! आमच्याकडे चाकाची कामं एप्रिल-मेमध्ये येतात, कारण सुट्टीत गाडी काढायची असते. आणि तक्रारी येतात जानेवारीत. तीस वर्षं डोळ्यासमोर होतं.

---

लेस्टरहून | २८ नोव्हेंबर

मी मूळचा साताऱ्याचा, आता चोवीस वर्षं इंग्लंडमध्ये. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे. इकडे एक रस्ता लोक घेतात तो सांगतो, कारण ज्यांच्या चाकाला पाच नव्हे पंधरा तडे आहेत त्यांना उपयोग होईल.

चाकावरचं सगळं प्लॅस्टिक काढून टाकतात, पोलादी सांगाडा वाळूच्या फवाऱ्याने साफ करतात, जोड तपासतात आणि साच्यात ठेवून त्यावर नवीन पॉलियुरेथेन ओततात. साचा चांगल्या अवस्थेतल्या दुसऱ्या चाकावरून घेतलेला असतो. मागच्या बोटांच्या खाचा हुबेहूब येतात. लोखंड जुनं, कातडी नवी. आमच्यापासून फार लांब नाही, कॉव्हेंट्रीजवळ वोल्स्टनला ब्लूमेल्स नावाचा कारखाना होता, एके काळी ब्रिटिश गाड्यांची चाकं तिथे बनत. तो बंद झाल्यावर हे काम छोट्या कार्यशाळांकडे आलं.

पण ताई, तुमच्या बाबतीत मी ओतकाम सुचवणार नाही. ओतलं की अंगठ्याची खूण गेली. पाच तडे हाताने भरता येतात.

---

टॅक्सीवाल्याचा मुलगा (मुंबई) | ३० नोव्हेंबर

माझे वडील बत्तीस वर्षं काळी-पिवळी चालवत होते. सगळी वर्षं पद्मिनी. ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची वीस वर्षं पूर्ण करून बंद झाली, तेव्हा अण्णा दिवसभर टीव्हीसमोर बसले होते. आमची त्याआधीच गेली होती. भंगारवाल्याकडे देताना त्यांनी फक्त चाक काढून घेतलं. ते काळं आहे, त्यावर लाल-हिरव्या प्लॅस्टिकच्या वायरचं विणकाम केलंय, घट्ट, एकही टाका सुटलेला नाही. आज ते आमच्या दारामागे खिळ्याला टांगलंय.

ताई, तुमच्या चाकाचं काम फसलं आणि आमचं जुळत असेल, तर ते तुमचं. अण्णांना विचारलं, ते म्हणाले, "चालवणार असतील तर दे, टांगणार असतील तर नको."

मी दाते मोजून कळवतो.

---

फियाटवाली | ३० नोव्हेंबर

दादा, काय लिहू. अण्णांना माझा नमस्कार सांगा. आज फक्त एवढंच.

---

रंगकाम (सांगली) | २ डिसेंबर

भरून झाल्यावर रंगाचं लिहितो. डेंटर-पेंटर लोक चाकाला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारतात, लवकर वाळतो म्हणून. हाताच्या घामाने आणि तेलाने तो चिकट होतो, नखाने निघतो. टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंग मारा. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुफ्फुसाला कायमचं इजा करू शकतं, आणि एकदा त्याची ॲलर्जी झाली की थोड्या वाफेनेही दमा उठतो. कापडी मास्क किंवा करोनातला मास्क त्याला पुरत नाही. घरच्या गॅलरीत फवारू नका. चांगला बूथ आणि हवेचा मास्क असलेल्या पेंटरकडे द्या. हे मी पुन्हा सांगेन, तुम्ही कंटाळलात तरी सांगेन. माझ्या उस्तादांचे शेवटचे दिवस मी जवळून पाहिलेत.

रंग जुळवताना कड्याचा घेऊ नका, तो उन्हाने पिवळा झालेला असतो. हॉर्नच्या बटणाखाली झाकलेली जागा असते, तिथे मूळचा रंग मिळेल. टू-के फवारायच्या आधी मागच्या बाजूला छोटा ठिपका मारून बघा. ॲसिटेट असल्याने प्रायमर आधी लागेल, आणि तो पातळ हातांनी, मधे वाळू देऊन. एकदम ओला थर दिला तर त्यातलं द्रावक खालचं प्लॅस्टिक उचलतं.

अंगठ्याची जागा रंगवायची की नाही ते तुम्ही ठरवा.

---

फियाटवाली | ५ जानेवारी

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. काम झालं, आता क्रमाने सांगते. काही चुकलंही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे चांगलीच थंडी होती. तडे पुन्हा मोजले. साडेनऊचे दहा झाले होते! पॉलिमरकाका, तुमच्या हिशेबावर माझा विश्वास बसला तो त्या सकाळी.

हॅकसॉच्या पात्याने आणि बारीक त्रिकोणी कानशीने प्रत्येक तडा उघडला, वर रुंद आणि आत लोखंडापर्यंत. दांड्यापाशी पातं शिरेना तिथे पात्याचा तुकडा मोडून फडक्यात धरला. सळई घासून साफ केली, गंजरोधक द्रव लावलं, ते पूर्ण वाळल्यावर कडा पुन्हा खरखरीत केल्या.

पहिला थर ॲराल्डाइटचा, सावकाश वाळणारा, कारण तो पातळ असल्याने लोखंडाला आणि कोपऱ्यांना नीट बिलगतो. तो चिकट असतानाच वरून एम-सील दाबून भरलं, पृष्ठभागापेक्षा थोडं उंच. इथे चूक झाली. खालच्या मोठ्या तड्यात मी सगळं एकदाच भरलं आणि आत हवा राहिली. दुसऱ्या दिवशी घासताना भोक उघडलं. पुन्हा कोरून दोन थरांत भरलं.

चोवीस तास हात लावला नाही. मग ८० नंबर, १२०, २४०, शेवटी ४००. मागच्या बोटांच्या खाचांसाठी पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळला, नेमकी ती गोलाई मिळाली. डोळे मिटून बोट फिरवलं की उंचसखल कळतं, उघड्या डोळ्यांनी कळत नाही. आईने शेवटची तपासणी केली. तिने दोन ठिकाणं परत घासायला लावली.

रंग बूथमध्येच करून घेतला. रंगकाम, तुमचं म्हणणं पेंटरदादांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन मोठा मास्क आणून दाखवला.

अंगठ्याची जागा. तिथे टेप लावून रंग थांबवला, कडा बारीक पेपरने पुसट केली. तिथलं मूळ ॲसिटेट उघडं राहिलंय, हे मला माहीत आहे. तिथे तडा नाही. अधूनमधून मेण लावत जाईन.

---

पॉलिमर (डोंबिवली) | ५ जानेवारी

एक विनंती. गाडी सावलीत लावा आणि पुढच्या काचेला आतून परावर्तक पडदा लावा. काळं रबरी कव्हर चढवू नका, त्याखाली आम्ल कोंडून राहतं, आणि सैल कव्हर ऐन वळणावर हातात फिरतं. सिरक्याचा वास वर्षातून एकदा घेत जा. वाढला तर कळवा. ॲसिटेटचं वय थांबवता येत नाही, वेग कमी करता येतो.

---

टर्नर (कोल्हापूर) | ६ जानेवारी

चाक बसवताना दांड्याचे दाते कोरडे स्वच्छ ठेवा. नट घट्ट करून पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा. आणि या गाडीचा स्टेअरिंगचा दांडा सरळ एकसंध आहे, अपघातात आकसून घेणारा नाही. सीटचे पट्टे बसवले नसतील तर बसवून घ्या, तुम्हालाही आणि आईंनाही.

---

टॅक्सीवाल्याचा मुलगा (मुंबई) | १९ जानेवारी

काल अण्णांना घेऊन पुण्याला ताईंच्या घरी गेलो होतो. चाकाची गरज उरली नव्हती, पण अण्णांना गाडी बघायची होती. बाकी ताईच लिहितील.

---

फियाटवाली | १९ जानेवारी

अण्णा आले. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग बॉनेटवर हात ठेवला. मी किल्ली दिली. त्यांनी सीट पुढे घेतली, डावा हात न बघता गिअरच्या दांड्यावर गेला. सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत गेले, वळवून परत आले. शंभर-दीडशे मीटर असेल.

उतरले आणि मला म्हणाले, "भरलंय छान, हाताला लागत नाही कुठे. पण चाक एक दात डावीकडे बसलंय."

मी म्हटलं, मी खूण करून काढलं आणि खुणेवरच बसवलं. ते म्हणाले, "तू बरोबर बसवलंस. ज्याने हातोडा मारून काढलं होतं ना, त्याने परत लावताना चुकवलं. तुझे बाबा तेव्हापासून तसंच चालवत असणार."

मग त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. सरळ रस्त्यावर दांडे किंचित डावीकडे कलतात. आणि बाबांच्या अंगठ्याची खूण, जी मला इतकी वर्षं दोन वाजण्याच्या जागी वाटायची, ती सरळ जाताना दीडच्या आसपास येते. पंधराएक वर्षं ते तसं धरत होते.

रात्री आईशी बोलले, लावायचं का सरळ? ती म्हणाली, "रस्त्यावर काढणार आहेस ना? मग सरळच हवं."

पुलर शनिवारी परत आणतेय. टर्नरकाका, एक दात फिरवल्यावर इंडिकेटर आपोआप परत येण्याच्या जागेत फरक पडेल का, तेवढं सांगा.

---

टर्नर (कोल्हापूर) | २० जानेवारी

पडू शकतो. चाक काढलं की खाली इंडिकेटर परत पाडणारी टोपी असते, ती पण तेव्हा चुकीच्या जागी बसली असेल तर बघा. फोटो टाका, मग सांगतो. नवी खूण जुन्या खुणेपासून वेगळी करा, जुनी पुसू नका.